इंजिन तापलं पाहिजे

डिझेल गाडी घ्यावी की पेट्रोल, असं कोल्हापुरात चार जणांना विचारलं तर उत्तरं पाच मिळतात आणि प्रत्येक उत्तरातून सांगणाऱ्याचा धंदा कळतो. उद्यमनगरातला मेस्त्री म्हणतो, डिझेलच घ्या, घाटात ओढते. शोरूममधला पोरगा म्हणतो, सर, आता डिझेलमध्ये कोण पडतंय, हायब्रिड बघा. वकील म्हणतात, दिल्लीत काय झालं ते वाचलं ना? आणि साखर कारखान्याच्या संचालकाच्या दारात जी फॉर्च्युनर उभी असते, ती बहुतेक वेळा डिझेलचीच असते. यातलं कुणीच खोटं बोलत नाही, प्रत्येक जण आपापल्या वापराबद्दल बोलतोय.

अडचण प्रश्नातच आहे. ‘डिझेल चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘तुमचं इंजिन एका वेळी किती तास, किती तापून, किती ओझ्याखाली चालणार’ या प्रश्नाला मात्र आहे, आणि ते बऱ्यापैकी स्वच्छ आहे. मोटारींपुरतं बोललं तर ते धूसर राहतं, म्हणून बोटींकडेही वळलं पाहिजे. कोल्हापूरला समुद्र नाही, पण गगनबावड्याचा नाही तर फोंड्याचा घाट उतरला की मालवण-देवगडचे ट्रॉलर दिसतात, आणि पंचगंगेनं २००५, २०१९ आणि २०२१ साली बोटींचं महत्त्व गावात आणून दाखवलंच आहे.

आधी या गावाचं आणि डिझेलचं नातं. शाहू महाराजांच्या काळात, १९०६ साली, इथे कापडाची गिरणी उभी राहिली, तरी कोल्हापूरला यंत्राची खरी सवय लागली ती ऊस आणि गुळामुळे. नदीचं पाणी उचलून मळ्यात आणायचं, चरक फिरवायचा, तर ताकद हवी. ती सुरुवातीला आली विलायती ऑइल इंजिनांतून. बिघडली की सुटा भाग बोटीनं यायचा, तोवर ऊस वाळायचा. मग इथल्या लोहार-सुतारांनी भाग ओतायला सुरुवात केली. दुरुस्तीतून ओतकाम आलं आणि ओतकामातून अख्खं इंजिन. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं आजही या धंद्याचे आद्य म्हणून घेतली जातात, आणि पोवारांच्या नावाची औद्योगिक वसाहत तर शहरात आहेच. शेजारी साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिन तयार होत होतं. हे तेच कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, आणि आज तिचा मोठा कारखाना कोल्हापूर जिल्ह्यातच, कागलला आहे.

ते जुनं इंजिन ज्यांनी चालू केलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाच-सहा हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, बाजूला मणभर वजनाचं फ्लायव्हील. डिकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि हँडल फिरतं. जोर लावून वेग आणायचा, मग खटका सोडायचा. एक गच्च ठोका बसतो, काळ्या धुराचा लोट निघतो आणि इंजिन धरतं. हँडल वेळेत काढलं नाही तर मनगट जायचं. एकदा धरलं की मात्र रात्रभर, उसाची पाळी संपेपर्यंत, एकाच ठेक्यात चालायचं. मध्ये थांबणं नाही, वेग बदलणं नाही. डिझेलला नेमकं हेच काम मानवतं. पुढे खेडोपाडी वीज गेली, विजेच्या मोटारी बसल्या, आणि विहिरीवरचं इंजिन भंगारात गेलं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडे वळल्या त्या साधारण या वळणावर.

इंजिनाच्या पोटात काय होतं ते थोडक्यात. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण ठिणगीनं पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नाही. नुसती हवा पंधरा-सोळा पट दाबली की ती इतकी तापते की त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. दाब जास्त म्हणून उष्णतेतून काम जास्त निघतं. शिवाय हवा अडवणारी झडप जवळपास नसल्यामुळे कमी ओझ्यावरही इंजिनाला श्वास घेताना ताकद वाया घालवावी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये आपलं इंजिन चाचणीला लावलं तेव्हा त्यानं इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात आणली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही जमत नव्हतं. आजचं मोटारीतलं चांगलं डिझेल इंजिन अनुकूल परिस्थितीत ४० टक्क्यांच्या पुढे जातं.

इथे एक हिशेब बहुतेक जण विसरतात. डिझेल गाडी ‘ॲव्हरेज’ जास्त देते त्यातला काही भाग इंजिनाचा गुण नसून इंधनाच्या वजनाचा आहे. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. त्याबरोबर धूरही जास्त: लिटरमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलचा सुमारे २.३ किलो, तर डिझेलचा २.७ किलो. इंधनाच्या वजनाचा हा भाग वजा करूनही डिझेल पुढेच राहतं, पण पंपावरच्या पावतीवर दिसतं तेवढं नाही.

जुन्या आणि नव्या डिझेलमधला खरा फरक फवाऱ्यात आहे. पूर्वी पंप एकेका नोझलला आळीपाळीनं इंधन ढकलायचा. १९९७ साली आल्फा रोमिओच्या मोटारीत कॉमन रेल आली. एका नळीत इंधन कायम प्रचंड दाबाखाली ठेवायचं आणि कॉम्प्युटरनं सांगितलं की इंजेक्टर उघडायचा. आजच्या मोटारींत हा दाब दोन हजार बारच्या घरात जातो आणि एका स्फोटासाठी इंधन तीन-चार, कधी त्याहून जास्त हप्त्यांत फवारलं जातं. आधी थेंबभर, मग मुख्य फवारा, मग परत थोडं. स्फोट एकदम न होता पसरतो, म्हणून ती जुनी खडखड गेली. नाशिकच्या बॉश कारखान्यात असे इंजेक्टर बनतात, तिथलं काम मायक्रॉनमध्ये मोजतात. डिझेलमध्ये पाण्याचे चार थेंब गेले तर असा इंजेक्टर खलास होतो. विहिरीवरचं इंजिन तेवढं पाणी पचवून धूर सोडत चालायचं.

भारतात सर्वसामान्य घरात हे तंत्रज्ञान पोचवलं ते एका इंजिनानं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट २००३ साली युरोपात आलं आणि २००७च्या जानेवारीत मारुतीच्या स्विफ्टमध्ये बसलं. मारुतीनं ते मानेसरला बनवलं, फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी पुण्याजवळ रांजणगावला बनलं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन की लोक त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. आकड्यांत पाहिलं तर त्याची ताकद फक्त ७५ हॉर्सपॉवर, स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच. पण पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १९० न्यूटन मीटर आणि तोही २००० आरपीएमला. पेट्रोलचा टॉर्क ११४ आणि तो मिळवायला ४००० आरपीएमपर्यंत इंजिन ओरडवावं लागायचं. पाच माणसं, मागे आंब्याच्या पेट्या आणि समोर करूळचा घाट असेल तर या दोन आकड्यांतला फरक ड्रायव्हरच्या डाव्या हाताला कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कण्हता वर येते. महिंद्राच्या स्कॉर्पिओनं हेच मोठ्या मापात केलं. कोल्हापूरकरांचं तिच्यावरचं प्रेम इंजिनापुरतं आहे असं मी म्हणणार नाही. गाडीची उंची आणि रुबाब हाही इथला मुद्दा असतो.

मात्र त्या काळातली डिझेलची लाट निम्मी सरकारी भावावर उभी होती. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलच्या लिटरमागच्या दरात तीस रुपयांच्या आसपास अंतर होतं. शेतकरी आणि एसटीसाठी म्हणून स्वस्त ठेवलेलं डिझेल शहरातल्या मोटारींच्या टाकीत जात होतं. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या दोन प्रवासी मोटारींतली एक तरी डिझेलची होती. २०१४च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर मोकळे झाले, अंतर घटत गेलं आणि विक्रीही. आज डिझेलचा वाटा साधारण पाचात एक इतका उरला आहे. म्हणजे इंजिनाच्या गुणांवर जेवढे ग्राहक आले, त्याहून जास्त अनुदानावर आले होते आणि अनुदानाबरोबर निघून गेले. याचा दोष इंजिनाला देण्यात अर्थ नाही.

दोष द्यायचाच तर धुराला द्यावा. डिझेलच्या आगीत हवा जास्त आणि तापमान प्रचंड, त्यामुळे हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड होतात. इंधनाच्या थेंबाचा गाभा नीट जळत नाही, त्याची काजळी होते. २०१२च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर निःसंशय कर्करोगकारक ठरवला. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. गाडी चाचणीला लागली आहे हे तिच्या कॉम्प्युटरला कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ व्हायचा, रस्त्यावर मात्र कैक पट जास्त. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्यांत ही युक्ती होती. तिच्यामुळे डिझेलचं जे नाव गेलं ते परत आलेलं नाही. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल मोटारींवर हरित लवादानं २०१५मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ती उचलून धरली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. कोल्हापुरात ती बंदी नाही, पण जुन्या गाडीचा बाजारभाव दिल्लीची बातमी वाचूनच ठरतो.

यानंतर आला १ एप्रिल २०२०, भारत स्टेज सहा. माझ्या मते डिझेल मोटारीचा इतिहास याच तारखेला दुभंगतो. इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आणलं गेलं. मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली, आणि काजळीची २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर. २०२३पासून ही चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावरही करावी लागते. हे पाळायचं तर नुसतं इंजिन पुरत नाही, मागे रसायनशाळा जोडावी लागते. काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइड सोडवणारा कॅटालिस्ट, आणि अनेक गाड्यांत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. हा युरिया उसाला टाकतात तोच पदार्थ, पण अत्यंत शुद्ध आणि ३२.५ टक्क्यांच्या मापात. शेतातलं पोतं फोडून बादलीत विरघळवण्याचा प्रयोग कुणी करू नये, कॅटालिस्टची किंमत पोत्याच्या कैक पट आहे.

मारुतीनं छोट्या डिझेल गाड्यांत एवढी यंत्रणा परवडत नाही म्हणून त्याच दिवशी डिझेल सोडलं. रेनो, निसान, फोक्सवॅगन, स्कोडा यांनीही सोडलं, २०२३मध्ये होंडानं. उरले ते मुख्यतः महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया आणि टोयोटा, आणि त्यांच्या बहुतेक गाड्या जड अंगाच्या आहेत.

आता ताराबाई पार्कात राहणाऱ्या आणि राजारामपुरीत दवाखाना असणाऱ्या डॉक्टरांची गाडी बघू. तीन किलोमीटर जाणं, तीन येणं, मधे सिग्नल. इंजिन तापतंय तोवर बंद होतं. फिल्टरमध्ये काजळी साठत जाते. ती जाळून टाकायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. त्यासाठी कॉम्प्युटर स्फोटानंतर जादा डिझेल फवारतो, म्हणजे ते पुढे जाऊन जळेल आणि फिल्टर तापवेल. पण ही भट्टी पेटेपर्यंत डॉक्टर दवाखान्यात पोचलेले असतात. अर्धवट राहिलेलं ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काही महिन्यांनी डिपस्टिक काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं आणि बोटांत पातळ लागतं. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला सांगतो, रविवारी हायवेला घ्या, साठच्या वर ठेवून अर्धा तास चालवा. कागलपर्यंत जाऊन आलं की दिवा जातो, आणि पंधरा-वीस दिवसांत परत येतो. अशा वेळी डीपीएफ कापून काढून देणारे लोकही भेटतात. ते बेकायदा आहे, आणि काजळीची ती मर्यादा पाळण्यासाठीच गाडीचे जादा पैसे मोजलेले असतात, तेव्हा ते काढून टाकणं दुहेरी मूर्खपणाचं आहे.

गंमत अशी की नुसत्या इंधनाच्या हिशेबात शहरातही डिझेल पेट्रोलला हरवतं. आडवी येते ती धूर धुणारी यंत्रणा, आणि ती यंत्रणा गरम असल्याशिवाय चालत नाही. जुनं डिझेल कुठेही चालायचं कारण ते घाण करत चालायचं. स्वच्छ झाल्यावर त्याच्या कामाचा परीघ लहान झाला. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटरचा महामार्ग, आठवड्याला दोन फेऱ्या, मधे खंबाटकीचा घाट: इथे आधुनिक डिझेलला तोड नाही. फिल्टर आपोआप जळून साफ राहतो, टर्बो आपल्या लयीत, आणि एका टाकीत आठशे किलोमीटर सहज.

पैशाचं गणित असं मांडता येईल. समजा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये, मध्यम आकाराची एसयूव्ही, पेट्रोलची १३ आणि डिझेलची १८ किलोमीटर देते. डिझेलची किंमत दीड लाख जास्त. महाराष्ट्रात डिझेल मोटारीला वाहनकरही दोन टक्के जास्त लागतो, म्हणजे चौदा-पंधरा लाखांच्या गाडीवर एकूण जादा खर्च दोन लाखांच्या घरात. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवली तर इंधनात वाचतात ३५ हजार, म्हणजे पैसे वसूल व्हायला पावणेसहा वर्षं. ३० हजार चालवली तर सव्वादोन वर्षं. पहिल्या माणसानं डिझेल घेऊ नये, दुसऱ्यानं विचार न करता घ्यावं. मधल्यांनी हायब्रिड चालवून बघावी. इनोव्हा हायक्रॉससारखी पेट्रोल-हायब्रिड शहरातल्या गर्दीत डिझेलचा सगळा फायदा खाऊन टाकते, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद ती बॅटरीत साठवते. महामार्गावर ब्रेकच कमी लागतात, तिथे तिची ही करामत फिकी पडते.

ऊस पट्ट्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. कारखान्यांचं इथेनॉल जातं पेट्रोलमध्ये, आता वीस टक्क्यांपर्यंत. डिझेलमध्ये इथेनॉल सरळ मिसळत नाही, वेगळं पडतं, म्हणून आयसोब्युटेनॉलच्या चाचण्या चालू आहेत. म्हणजे डिझेलची स्कॉर्पिओ फिरवणारा ऊस उत्पादक आपल्याच उसाच्या गिऱ्हाइकाला टाळत असतो. हे कुणी सभेत बोलत नाही.

पाण्यावर हे सगळं गणित बदलतं आणि डिझेलचा मूळ स्वभाव उघडा पडतो. रस्त्यावर उतार असतो, गाडी घरंगळते. पाण्यात उतार नसतो. प्रोपेलर फिरतोय तोवर पाणी सतत मागे ओढत असतं, म्हणून बोटीचं इंजिन कायम ओझ्याखाली चालतं. वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळ मानानं आठपट लागते, त्यामुळे जड बोट एका ठरावीक वेगात जाते आणि तासन् तास तोच वेग धरते. विहिरीवरच्या इंजिनाची ही थोरली आवृत्ती आहे. मालवण, देवगड, रत्नागिरीचे ट्रॉलर म्हणूनच डिझेलवर चालतात, आणि किनाऱ्यावर बोटीची ऐपत सिलिंडरवरून सांगतात: दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. सहकारी संस्थांमार्फत मिळणारा डिझेलवरचा करपरतावा हा तिथल्या राजकारणाचा कायमचा विषय आहे, आणि १२० हॉर्सपॉवरच्या वरच्या बोटींना तो द्यायचा की नाही यावर बरीच भांडणं झाली आहेत.

ट्रॉलरच्या इंजिनखोलीत वाकून उतरलं की ओळखीचं दर्शन होतं. बहुतेक वेळा ट्रकच्याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन. फरक आजूबाजूला. पुढे रेडिएटर नाही, त्याजागी एक जाडसर नळकांडं, त्यात एका बाजूनं इंजिनाचं गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूनं पंपानं ओढलेलं समुद्राचं खारं पाणी. दोघं एकमेकांना न भेटता उष्णता बदलतात. खाऱ्या वाटेवर जस्ताच्या कांड्या बसवलेल्या असतात. क्षारांनी इंजिनाऐवजी त्या खाव्यात म्हणून. कांडी झिजली की बदलायची, विसरलं की पुढचा नंबर लागतो तो महागड्या नळ्यांचा. मागे रिव्हर्स-फॉरवर्डचा मरीन गिअरबॉक्स. डीपीएफ नाही, युरिया नाही, मोटारींसारखी सक्ती तिथे नाही.

पण डिझेलचा बोटीतला सगळ्यात मोठा गुण ताकदीचा नाही, आगीचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली तर ती बोटीच्या तळाशी साचून बसते, आणि बोटीचा तळ म्हणजे बंद डबा. बॅटरीची एक ठिणगी पुरते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, डिझेलला त्यासाठी चांगलंच तापवावं लागतं. किनाऱ्यापासून वीस मैलांवर आग लागली तर पळायला जागा नसते. म्हणून इंजिन बोटीच्या पोटात असेल तर डिझेलच, असं मी डोळे मिटून सांगेन.

इंजिन मागे बाहेर लटकवायचं असेल तर मात्र निकाल उलटा. तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या, वाळूवर चढणाऱ्या हलक्या बोटींच्या मागे पेट्रोलची आउटबोर्ड असतात आणि ते बरोबरच आहे. बोट पाण्यावर उचलून पळवायची तर किलोकिलोचा हिशेब असतो. स्वीडनच्या ओक्सी आणि ब्रिटनच्या कॉक्स या कंपन्यांनी डिझेल आउटबोर्ड काढली आहेत. कॉक्सचं ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन चारशे किलोच्या घरात जातं, त्याच ताकदीचं पेट्रोलचं अडीचशेच्या आसपास. नौदलं आणि सुरक्षा दलं ते घेतात, कारण त्यांना जहाजावर पेट्रोल साठवायचं नसतं. रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला त्याचा उपयोग नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या छपरांवरून माणसं काढली ती एनडीआरएफच्या रबरी बोटींनी, त्यांच्या मागेही पेट्रोलचीच आउटबोर्ड. दोघांनी उचलून ट्रकमधून उतरवायचं, बोटीला लावायचं, दोरी ओढायची आणि निघायचं. पाण्याखाली काटेरी कुंपण लागलं तर झटकन वर उचलायचं. अशा कामाला डिझेलची मजबुती काहीच कामाची नाही.

हौशी बोटींची गोष्ट आणखी निराळी. युरोपात व्होल्वो पेंटा, जपानच्या यानमार अशा कंपन्यांची नवी डिझेल इंजिनं इतकी शांत आणि बिनधुराची झाली आहेत की डेकवर बसून गप्पा मारता येतात. व्होल्वोनं २००५ साली आणलेल्या प्रणालीत तर धक्क्याला बोट जॉयस्टिकनं लावता येते. पण मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या खाजगी याटचा मालक वर्षाला शंभर तासही ती चालवत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. असं इंजिन झिजत नाही, कुजतं. अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी जमतं, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळी शेवाळासारखी साय फिल्टर बंद करते. पहिल्या छान रविवारी, ऐन खाडीच्या तोंडावर, इंजिन मरतं. शिवाय नव्या इंजिनाला कॉम्प्युटर आहे. खाऱ्या हवेत एका सेन्सरची पिन गंजली तर बाकी सगळं ठणठणीत असूनही ते ताकद कापतं, आणि लॅपटॉप असलेला माणूस पुण्याहून यावा लागतो. लांबच्या सफरीवर जाणारे लोक म्हणूनच यांत्रिक पंपाचं जुनं साधं डिझेल पसंत करतात.

अशा सफरीचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या जहाजवाड्यात बांधलेली ही शिडाची बोट घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये तीच बोट कुठेही न थांबता, १५१ दिवसांत फिरवून आणली. बोट वाऱ्यावर चालते, पण आत छोटं डिझेल इंजिन असतं आणि त्याचं रोजचं काम बॅटऱ्या भरणं हे असतं: दिवे, रेडिओ, दिशा धरणारं यंत्र सगळं त्यावर. दक्षिण महासागरात ते बंद पडलं तर जे काही करायचं ते हातातल्या पान्यानंच करावं लागतं.

तळ्यांचा विषय मी थोडक्यात संपवतो: रंकाळ्यात डिझेलही नको, पेट्रोलही नको, बॅटरीवरची बोट आणावी. कोचीच्या वॉटर मेट्रोनं २०२३पासून खाडीत तशा बोटी नियमित चालवून दाखवल्या आहेत.

हे सगळं कोल्हापूरला लागतं ते ग्राहक म्हणून कमी आणि कारागीर म्हणून जास्त. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. घाटगे-पाटलांचं ओतकाम, मेनन यांचे पिस्टन आणि बेअरिंग हे सगळं इंजिनाच्या पोटातलं सामान. विजेच्या मोटारीत ना सिलिंडर ब्लॉक, ना हेड, ना लायनर, ना पिस्टन. मोटारीचं डिझेल गेलं तरी ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी आणि जनरेटर बराच काळ राहतील, असं इथले कारखानदार म्हणतात आणि ते खरं आहे. फक्त तेही डिझेल आता पूर्वीचं उरलेलं नाही. नव्या डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब वाढला, म्हणून ब्लॉक जास्त मजबूत हवा, वजन मात्र कमी हवं, म्हणजे भिंती पातळ. साच्यात कोअर जराशी सरकली की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी कागदासारखी, अख्खा ब्लॉक परत भट्टीत. विहिरीच्या इंजिनाचं अंगठ्याएवढं जाड ओतीव करणाऱ्या हातांना हे नव्यानं शिकावं लागलं आणि ज्यांनी शिकून घेतलं ते टिकले.

जनरेटरला २०२३-२४पासून ‘सीपीसीबी ४ प्लस’ नावाचे नवे नियम लागले आणि बऱ्याच मापांत तिथेही इलेक्ट्रॉनिक फवारा आणि मागची रसायनशाळा आली. कागलला बनणाऱ्या इंजिनांनाही ते लागू आहेतच. गोकुळ शिरगावातल्या एखाद्या कारखान्याच्या मागे असा नवाकोरा संच उभा असतो. वीज गेली की दहा-पंधरा मिनिटं चालतो, तेही चार दिवे आणि ऑफिसच्या एसीपुरता, भट्ट्या तर बंदच असतात. इंजिन गार राहतं, न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये ओलसर काळं होऊन साचतं. म्हणून जाणकार सर्व्हिस इंजिनिअर महिन्यातून एकदा तरी त्याला किमान तीस टक्के, जमल्यास सत्तर टक्के ओझ्यावर अर्धा-पाऊण तास पळवायला सांगतो, आणि मालक त्यावर विचारतो की वीज असताना डिझेल कशाला जाळायचं.